चढावर वाजणारं फ्रीव्हील

मंडळी, आमच्या घरात भूत हा विषय आजवर एकदाच निघाला होता. लग्नाच्या अल्बममधला माझा फोटो पाहून. आणि तो विषयही सासूबाईंनी काढला होता. त्यानंतर नाही. मी अमरावतीत शाळेचे गणवेश विकतो. जून महिन्यात एकाच मापाच्या शेवटच्या स्कर्टसाठी समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन आया ज्यानं पाहिल्यात, त्याला हडळीची काय भीती?

गोष्ट रंगवून सांगतो, हा माझ्यावरचा जुना आरोप. मान्य. एरवी मी चिमूटभराच्या जागी मूठभर टाकतो. पण आज जे लिहितोय त्यात माझ्या पदरचं काही नाही... खरं सांगायचं तर हे लिहिताना मी तीनदा उठून गच्चीवर फेऱ्या मारून आलोय. बायकोनं विचारलं, "पोटात दुखते काय?" मी हो म्हणालो. सोपं पडतं.

तर माझा मित्र मिलिंदभाऊ. अकोटचा. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून झाली, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. कालव्याचं पाणी कुठून कुठं आणि किती उतारानं जाईल, हे काढण्यात आयुष्य गेलं. शनिवारी विहारात जमणाऱ्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतो, अंगात येणाऱ्या बाबाला भर चौकात प्रश्न विचारतो. त्याच्यापुढे "कोणीतरी होतं" असं म्हणायची सोय नाही. लगेच विचारतो, "कोणीतरी म्हंजे कोण? नाव सांग."

आम्हा दोघांना चाळिशीनंतर सायकलीचं वेड लागलं. लोकांना त्या वयात शुगर होते, आम्हाला सायकल झाली.

गेल्या हिवाळ्यात मिलिंदभाऊनं मनावर घेतलं — चिखलदऱ्याचा लूप. म्हणजे परतवाड्याहून निघायचं, धामणगाव गढीकडून घाट चढायचा, वर चिखलदऱ्यात कॉफी प्यायची, घटांगच्या रस्त्यानं उतरून पुन्हा परतवाडा. एका दिवसात. अकोल्याचे तिघं सायकलवाले सोबत येणार होते. धामणगावकडचा रस्ता लांबीला कमी, म्हणून चढ उभा. घटांगकडचा लांबलचक, पण गरीब स्वभावाचा. शहाण्या माणसानं कोणत्या बाजूनं चढावं हे उघड आहे. मिलिंदभाऊ म्हणाला, "उभ्याच्या बाजूनं."

अडचण अशी होती की त्याचा उजवा गुडघा पार झिजला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बदलावा लागेल, आणि उशीर कराल तितका त्रास वाढेल. याचं म्हणणं — आधी लूप, मग गुडघा. घरात रोज भांडण. शेवटी छायावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला फोन केला.

"भाऊजी, हे माह्यं तर ऐकत नाईत. जाऊन राहिले तर जाऊ द्या. पण तुमी त्यायले डोळ्याआड होऊ देऊ नका. तुमच्या भरोशावर पाठवून राहिली मी."

"वहिनी, मी सावलीसारखा राहतो."

बोलून गेलो. आता सायकलवाल्यांचा एक रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. घाटात कोणी कोणासाठी थांबत नाही. चढावर ज्याचा त्याचा दम असतो. हळू जाणाऱ्याच्या चालीनं जोरवाला गेला तर त्याचे पाय भरतात, आणि उलट झालं तर हळूवाल्याचा जीव जातो. म्हणून खाली राम राम, वर भेट. मधल्या वेळात कोणी कोणाचं नाही. आणि मी शब्द देऊन बसलो होतो की मी याचा आहे.

लूपच्या आधी घाट एकदा पाहून यायचं ठरलं, फक्त आम्ही दोघं. डिसेंबरातला रविवार. परतवाड्यात गाडी लावली, सायकली उतरवल्या आणि निघालो. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, थंडीनं बोटं आखडलेली. धामणगावात चहा घेतला. घाटाला लागलो तेव्हा चांगलं लख्ख ऊन पडलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. धुकं नव्हतं, अंधार नव्हता, अमावास्या होती की नाही ते मला माहीत नाही आणि दिवसा तिचा काय उपयोग?

मिलिंदभाऊ पुढे, मी रिवाज मोडून त्याच्या मागे. तो पायडल मारायचा आणि उजवा पाय वर आला की दरवेळी त्याचा खांदा किंचित उडायचा. मी त्या खांद्याकडे बघत चढत होतो. खांदा उडाला की मला वहिनींचा आवाज ऐकू यायचा.

तिसरं की चौथं वळण घेतलं आणि पुढून आवाज आला. टर्रर्रर्र...

सायकलवाल्यांना हा आवाज झोपेतही कळतो. पायडल मारणं थांबवलं आणि सायकल आपसूक पळत राहिली की मागच्या चाकातलं फ्रीव्हील वाजतं. म्हणजेच हा उताराचा आवाज. कोणीतरी वरून मजेत खाली येतंय, असं समजून मी डावीकडे सरकलो. मिलिंदभाऊही सरकला.

कोणी आलं नाही.

आवाज मात्र चालूच. पुढच्या वळणाच्या पलीकडे. आम्ही त्या वळणावर पोचलो तर रस्ता रिकामा, आणि आवाज त्याच्याही पुढच्या वळणापलीकडे.

"शरद," मिलिंदभाऊ धापा टाकत म्हणाला, "हे उतरून नाही राहिलं बे. हे चढून राहिलं."

"चढताना फ्रीव्हील वाजते काय?"

"बॅटरीची सायकल असंन."

हे मला एकदम पटलं. हल्ली येतात तशा सायकली, बटण दाबलं की चालल्या. मी मोकळा झालो. पण मिलिंदभाऊला राग आला. माझ्या घाटात बॅटरी? असा काहीसा. तो सीटवरून उठला, उभा राहून पायडल मारू लागला.

"भाऊ, गुडघा!"

"गुडघा गेला खड्ड्यात. याले पाहूनच घेतो मी कोण आहे तं!"

आणि गेला. मी जीव तोडून मागे लागलो. पण माझी छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, आणि खरं सांगतो, तो माणूस त्या दिवशी मला आवरेना. एका वळणात तो माझ्या डोळ्याआड झाला. वहिनींनी सांगितलेली एकच गोष्ट, आणि तीच झाली.

मी पुढचं वळण कसंबसं ओढून काढलं. समोर सरळ चढ होता, वरच्या वळणापर्यंत स्वच्छ दिसणारा. त्या चढावर मिलिंदभाऊ होता.

त्याचे पाय थांबलेले होते.

उजवा पाय खाली, सरळ, आखडलेल्या गुडघ्याला आराम मिळेल असा. डावा वर. पाठ ताठ. एक हात हँडलवर, दुसरा मांडीवर... संध्याकाळी भाजी आणायला निघालेला माणूस बसतो तसा. आणि सायकल चढत होती. धक्का नाही, झोल नाही. आवाज टर्रर्रर्र. आणि मंडळी, आवाज एकच होता. पुढे दुसरा कोणी नव्हता. वाजत होतं ते त्याचंच फ्रीव्हील.

कडेच्या झाडावर वानरांचं टोळकं बसलं होतं. गोष्टीत अशा वेळी जनावरं बिथरतात. ही आरामात पाला खात होती. त्यातल्या एकानं माझ्याकडे मात्र निरखून पाहिलं, कारण मी पाय टेकून तोंड उघडं टाकून उभा होतो.

मिलिंदभाऊ वरच्या वळणावरून नाहीसा झाला.

मी पुढचा घाट चढलो की ढकलला, आठवत नाही. दर वळणावर दरीत डोकावत होतो, एवढं आठवतं. वर मोथा गाव लागतं, गवळ्यांचं. तिथं रस्त्याकडेला एका गवळणीचं हॉटेल आहे, दूध-खवा मिळतो. मिलिंदभाऊ बाकावर बसून गरम दूध पीत होता. मी त्याच्या कपाळाला हात लावला. थंड, कोरडं. टी-शर्टवर घामाचा डाग नाही.

"इतका वेळ?" तो म्हणाला.

"कसा आला तू वर?"

"कसा म्हंजे? पायडल मारत आलो."

"गुडघा?"

तो हळूच म्हणाला, "नाही दुखला बे. इतक्या वर्षांत पयल्यांदा नाही दुखला." आणि लगेच, "तो बॅटरीवाला सापडला नाही पण. मी वळणावर गेलो की तो पुढच्या वळणावर."

मी हॉटेलवाल्या बाईंना विचारलं, "मावशी, यांच्या आधी कोणी सायकलवाला गेला?"

"नाही बा. हेच आले. सकाळपासून हेच."

उतरताना सगळं नेहमीसारखं झालं. परतीच्या गाडीत मी त्याला जे पाहिलं ते सांगितलं. तो इतका चिडला की परतवाडा कितीतरी मागे पडेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "कालव्यांचे उतार काढता काढता केस पिकले माह्ये, अन् तू मले चढ शिकवतो?"

पण डोक्यातून जाईना. चारच दिवसांनी फोन. "शरद, काही रस्ते डोळ्याले फसवतात. दिसते चढ, असते उतार. आजूबाजूच्या डोंगरामुळं तसं वाटते. तिथं तसंच असंन." मोठ्या आनंदात होता. उत्तर सापडलं होतं ना!

पुढच्या रविवारी गाडी घेऊन त्या सरळ चढावर गेलो. त्यानं उतार मोजायची लेव्हल लावून पाहिली. मग मला म्हणाला, "संत्रं काढ." पिशवीतलं एक संत्रं रस्त्यावर ठेवलं. ते ज्या बाजूला जायला हवं त्याच बाजूला, खाली, इमानदारीत गडगडत गेलं. दुसरं ठेवलं. तेही गेलं. मी म्हणालो, "तिसरं नको, मी खातो." मिलिंदभाऊ हसला नाही. चढ हा चढच होता.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. एका सकाळी छायावहिनींचा फोन.

"भाऊजी, हे तुमच्यासंगं आहेत ना घाटात?"

मी दुकानात होतो, सातवीची हाफ पँट मोजत. नाही म्हणालो, तेव्हा कळलं. तो एकटा गेला होता. पहिल्यांदा नव्हे, तिसऱ्यांदा. आणि ऑपरेशनसाठी दाखवायची वेळ ठरली होती, ती यानं परस्पर रद्द केली होती.

संध्याकाळी मी अकोट गाठलं. तो अंगणात सायकल पुसत होता. पाय ओढत होता, आधीपेक्षा जास्त.

"कावून रद्द केलं?"

"करायचं काय ऑपरेशन? तिथं दुखत नाही ना."

"तिथं म्हंजे त्या एका चढावर? तिथं राहायले जातो काय आता?"

"तुले नाही समजणार."

"समजाव मग. तू तर सगळ्यायले समजावतो."

तो फडकं पिळत राहिला. "परत एकदा झालं तं मोजता येईन बे. एकदाच झालेली गोष्ट मोजता येत नाही." मग मान खाली घालून, "पण ते परत होऊन नाही राहिलं. तिन्ही वेळा पायडल मारतच गेलो. लय दुखलं."

आतून वहिनी ऐकत होत्या. बाहेर आल्या, चहाचे कप ठेवले आणि फक्त म्हणाल्या, "एखाद्या दिवशी हे तिथंच पडून राहतीन, भाऊजी. कोनाले पत्ता लागणार नाही."

त्या रात्रीपासून माझी झोप गेली. बाजारात कुठं सायकल टरटरली की मी वळून बघायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "दादा, इकडं पाहा, कॉलर मोठी होते." माझं लक्ष रस्त्याकडे. याला त्या चढापासून तोडायचं कसं?

आणि मग मला माझ्या स्वभावाला शोभेल अशी युक्ती सुचली. लूप उलटा करायचा! घटांगच्या बाजूनं चढायचं आणि धामणगावच्या बाजूनं उतरायचं. उतारावर सगळ्यांचीच फ्रीव्हीलं वाजणार. त्यात चमत्कार शोधणार कुठं? एकदा तिथून सगळ्यांसोबत भुर्रकन खाली आला, लूप पूर्ण झाला, की हट्टही संपेल आणि ऑपरेशनला मोकळा. मी त्याला थाप मारली की सकाळी धामणगावकडून संत्र्याच्या गाड्या फार असतात, चढताना धोका. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की थाप पकडली गेली हे मला कळलं. तरी तो "बरं" म्हणाला. ते "बरं" मला अजून टोचतं.

लूपचा दिवस उजाडला. घटांगचा चढ त्यानं दातओठ खाऊन काढला. पुढून ना मागून, कसला आवाज नाही. चिखलदऱ्यात कॉफी झाली, फोटो झाले. अकोल्याचे तिघं खूश. मग उतार. मोथा मागे पडलं आणि सगळ्यांनी पाय थांबवले. पाच फ्रीव्हीलं एकदम... काय तो आवाज! माझा जीव भांड्यात पडला. अकोल्याचे तिघं वाऱ्यासारखे पुढे निघून गेले. मी ब्रेकवर बोटं ठेवून मिलिंदभाऊच्या बाजूनं.

त्या सरळ टप्प्याच्या तोंडाशी आलो आणि त्याचं फ्रीव्हील बंद झालं.

तो पायडल मारत होता. उतारावर. आधी सावकाश, मग जोरात. त्यानं गिअर हलका केला. खांदा उडू लागला. मी ब्रेक दाबून दाबून सायकल रोखत होतो आणि माझ्या बाजूला हा माणूस खाली जायला झगडत होता.

"काय करून राहिला तू?"

"जात नाही बे!"

"ब्रेक घासत असंन."

थांबलो. मी त्याचं मागचं चाक उचलून फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. पुढचंही. तो एकदम इंजिनिअर झाला. "तुही सायकल मले दे. माही तू घे."

मी त्याच्या सायकलवर बसलो आणि ती सुसाट सुटली, मला आवरावी लागली. मागे वळून पाहिलं. माझ्या बुटक्या सायकलवर तो लहान मुलाच्या तीनचाकीवर बसल्यासारखा दिसत होता, पाय चालवत होता, घामानं निथळत होता, आणि सायकल मुंगीच्या गतीनं खाली सरकत होती. पाय थांबवले की जागच्या जागी उभी. मंडळी, उतारावर उभी!

मी सायकल टाकून वर धावलो.

तो उतरला. सायकल कठड्याला टेकवली. खाली बागा, कापसाची वावरं, दूरवर धामणगाव. तो ते सगळं बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता हा म्हणेल पुन्हा करून पाहू. मी भांडायची तयारी ठेवली होती.

तो म्हणाला, "शरद, खांदा दे बे."

इतक्या वर्षांत या माणसानं कोणाकडून सायकलचा पंपसुद्धा मागून घेतला नव्हता. त्यानं माझ्या खांद्यावर भार टाकला आणि आम्ही चालत निघालो; खाली टाकलेली सायकल उचलली, मग दुसऱ्या हातांनी एकेक सायकल धरून. पायी काही अडलं नाही. फक्त गुडघा. दर पावलाला त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. मी एकदा विचारलं, "आता तरी म्हण, कोणीतरी होतं."

"काहीतरी," तो म्हणाला. "कोणीतरी नाही म्हणत मी."

धामणगावच्या अलीकडे मोबाईलला रेंज आली. त्यानं स्वतःहून फोन लावला. "छाया, दवाखान्यात फोन कर. तारीख घे." पलीकडे वहिनी रडू लागल्या, ते मलाही ऐकू आलं.

ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. अकोल्याच्या तिघांना मी सांगून पाहिलं, ते म्हणाले, तुमच्या गोष्टी ऐकायला मजा येते. एका फिजिक्सच्या प्राध्यापकांना विचारलं. पहिल्या अर्ध्या भागाचं त्यांनी कारण दिलं, दुसऱ्याचं दिलं, आणि दोन्ही एकाच रस्त्यावर, एकाच माणसाला, आणि फक्त त्यालाच कसं, असं विचारल्यावर त्यांना मीटिंग आठवली. मी स्वतः त्या घाटातून दोनदा गाडीनं जाऊन आलो. काच खाली करून. काही नाही. ज्यांना काही सुचत असेल त्यांनी जरूर लिहा... भानामती वगैरे नको, मिलिंदभाऊ हे वाचणार आहे.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. हॉलमध्ये व्यायामाची सायकल आणून ठेवलीय, डॉक्टरांनी सांगितलेली. जागची हलत नाही, म्हणून वहिनींना ती फार आवडते. तो पायडल मारत होता, खांदा आता उडत नाही. बोलता बोलता त्यानं पाय थांबवले आणि मान जरा कलती करून चाकाकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. रोज एकदा पाहतो, थांबते काय तं."

"मग?"

"थांबते ना बे," तो म्हणाला.

यात समाधान होतं की हिरमोड, तेही मला अजून कळलेलं नाही.